तटस्थ राष्ट्राचा रेषापंच

दोहा, गुरुवार, १२ ऑक्टोबर १९६१

टाइपरायटरची फीत हा मनुष्यजातीच्या अधःपाताचा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे, असं माझं पूर्ण विचारांती मत झालं आहे. गेल्या वर्षी ही फीत काळी होती. यंदा राखाडी आहे. भांडारातल्या मजीदला मी तसं लेखी कळवलं. त्यानं नवी दिली, तीही राखाडी. तिसरी मागितली तेव्हा म्हणाला, "पंडितभाय, हीच फीत सगळ्या हाफिसाला देतंय. कोनाची तक्रार नाय."

बहुमताला शाईची पारख असतेच असं नाही, हे मी त्याला समजावलं. समजलं नाही.

मजीद आणि मोटारदुरुस्तीतला फजल हे नजमा वस्तीतल्या खोलीतले माझे भागीदार. तिघेही दापोलीकडचे. मला पंडित म्हणतात, कारण शाळेत मी फारसी सोडून संस्कृत घेतलं. यात धर्मसमन्वय वगैरे काही नव्हता. फारसीचे मास्तर आमच्या वडिलांचे चुलत मेहुणे होते आणि विहिरीच्या रहाटावरून दोघांचं बोलणं बंद होतं. त्यापायी मी सहा वर्षं सकाळ-संध्याकाळ शब्दरूपं घोकली. आजही झोपेतून उठवलं तर उलटीकडून म्हणून दाखवीन. तेलकंपनीच्या पत्रव्यवहारात त्याचा अजून उपयोग झालेला नाही.

कचेरीत नवं परिपत्रक: पंचेचाळीस ओलांडलेल्या सर्वांची डिसेंबरात वैद्यकीय तपासणी. जो नापास, त्याला पहिल्या बोटीनं घरी. परिपत्रक मीच टाइप केलं, राखाडी फितीवर. गेल्या वर्षी हिशेबातला जाफर कानांपायी गेला. मी एकोणपन्नासचा. दाढा सोडल्या तर मला काही झालेलं नाही.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

रत्नागिरीहून 'कोकण-तारू'च्या संपादकांचं पत्र. माझी 'आखाती पत्रं' वाचकांना आवडतात, पण बोटी आणि हवामान पुरे, काही रंजक पाठवा, म्हणतात. गेल्या पत्रात मी दोह्याचे नवे विजेचे दिवे वर्णिले होते: संध्याकाळी प्रत्येक दिव्याभोवती चंद्राला पडावं तसं सप्तरंगी खळं पडतं, जणू वाळवंटानं दागिने घातले. हे रंजक नव्हतं काय?

फजलला वाचून दाखवलं. तो दारात जाऊन दिव्याकडे बराच वेळ बघत राहिला. "खळं खय हाय? साधा बलब तर हाय."

मोटारी दुरुस्त करणाऱ्याला काव्यदृष्टी नसते. असायलाही नको, ब्रेक राहून जातील.

शनिवार, २१ ऑक्टोबर

रंजक मनुष्य आपल्या पायांनी चालत आला. नाव ड्वेन हॅकेट. अमेरिकन. कंपनीनं त्याला 'मनोरंजन अधिकारी' नेमलं आहे, कारण आमचे तेलविहिरी खोदणारे अमेरिकन ड्रिलर सुट्टीच्या दिवशी एकमेकांची नाकं फोडतात. तेच काम नियमानं व्हावं, अशी योजना.

हा त्यांच्याकडच्या फुटबॉलातला नामांकित धंदेवाईक खेळाडू होता म्हणे. या फुटबॉलात पायाला चेंडू क्वचित लागतो आणि चेंडू गोल नसतो. त्याच्या हुद्द्याचं नाव क्वार्टरबॅक. 'कोकण-तारू'साठी मी शब्द योजला: चतुर्थांशपृष्ठ. वाचकांना कळणार नाही, पण आदर वाटेल.

उंच माणूस. उजवा खांदा खाली झुकलेला, नाक दोन ठिकाणी वळलेलं. हात हलवत मला विचारलं, "आज वार कोणता?" सांगितला. "गाव कोणतं?" दोहा. "ठीक," म्हणाला आणि निघून गेला. अमेरिकनांची अभिवादनाची रीत दिसते.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

माझ्या प्रतिष्ठेला न शोभणारी एक गोष्ट नोंदवतो. आज मी जुन्या विमानतळापलीकडच्या वाळूवर पळालो.

मुलाखत मागायला गेलो होतो. हॅकेट म्हणाला, बोलेन, पण तू चेंडू झेलायचे. फेकल्याशिवाय मला बोलता येत नाही. चेंडू म्हणजे कच्च्या फणसाएवढं, दोन्हीकडून टोकदार कातड्याचं फळ. हवेतून भिरभिरत येतं. काही मी झेलले, हे स्वतःच्या तोंडानं सांगतो. काही मात्र विश्वासघातकी निघाले: सरळ येता येता अर्ध्यावर नाहीसे व्हायचे आणि एकदम कानशिलावर आदळायचे. चेंडूच्या आकाराचा दोष.

हॅकेट दर वेळी विचारी, "हा दिसला नाही?"

"दिसला," मी म्हणे. "पटला नाही."

त्याची कारकीर्द अशी: अकरा हंगाम, तीन संघ. त्यातले बहुतेक हंगाम बाकावर. पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला तर उठायचं, तोवर बसायचं. मी म्हटलं, आमच्या कचेरीत याला असिस्टंट मॅनेजर म्हणतात. तो इतका हसला की मला त्याचा धीर आला. मग एकदा पहिल्याचा पाय मोडला आणि हा दीड हंगाम खेळला. दाढीच्या साबणावर याचा फोटो छापून आला. मग डावीकडून कोणीतरी येऊन आदळलं.

"क्वार्टरबॅक उजव्या हातानं फेकतो," त्यानं वाळूत उभं राहून दाखवलं. "त्यामुळे डावीकडे पाठ होते. तिकडून येणारा त्याला दिसत नाही. म्हणून तिकडे एक भरवशाचा माणूस उभा करतात. माझा होता हॅरी. हॅरीचा गुडघा गेला, त्याच्या जागी नवा आला, आणि महिन्याभरात मी खलास." खलास हा शब्द तो इथं येऊन शिकला. चांगला उच्चारतो.

जाताना म्हणाला, "उद्या ये, हॅरी."

मी दिलावर खतीब. दोनदा सांगितलं.

सोमवार, ६ नोव्हेंबर

मजीद रुसला आहे. म्हणतो, सूक बाजारात शेजारून गेलो, हाका मारल्या, तुम्ही बघितलंही नाही. "मोठे साहेबाचे दोस्त झालाव तुमी आता!"

मी कुराणाची शपथ घ्यायला तयार होतो. तेवढ्यात डाव्या हाताचा चहाचा पेला लवंडला. फजल नेहमी भलत्या जागी ठेवतो.

फजल म्हणाला, "सकाळपासना तिथंच हाय तो."

या खोलीत माझ्याविरुद्ध कट शिजतो आहे.

बुधवार, १५ नोव्हेंबर

साम्राज्यं कशी बुडतात ते आज प्रत्यक्ष पाहिलं.

ठरलं असं की अमेरिकन सण येतो आहे, त्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवारी ड्रिलर आणि इंग्रज साहेबलोक यांचा सामना व्हावा. इंग्रज रग्बी खेळतात. चेंडूचं कूळ तेच, पण त्यांच्यात तो पुढे फेकणं निषिद्ध. अमेरिकन पुढेच फेकतात. मॅनेजर पेलसाहेब बैठकीत म्हणाले, "चेंडू पुढे फेकणं म्हणजे पत्त्यात दुसऱ्याच्या हाताकडे बघणं."

हॅकेट शांतपणे म्हणाला, "मागे फेकून तुम्ही कुठे पोचलात, सर?"

याच सालात कुवेतहून इंग्रजांचा अंमल उठला, हे त्याला ठाऊक नसावं. पेलसाहेबांना ठाऊक होतं. त्यांनी पाइप उलटा पेटवला.

पाच पत्रं गेली-आली. दोन्हीकडची मीच टाइप केली. माझ्याच एका पत्रातल्या युक्तिवादाला मीच दुसऱ्यात चोख उत्तर दिलं. तह असा झाला: पूर्वार्ध इंग्रजी नियमानं, उत्तरार्ध अमेरिकन नियमानं. मग प्रश्न आला रेषापंचाचा. इंग्रज अमेरिकनावर विश्वास ठेवीनात, अमेरिकन इंग्रजावर. पेलसाहेबांची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली.

"भारत तटस्थ राष्ट्र आहे ना?"

आहे, म्हणालो. नुकतीच तटस्थांची परिषदही झाली.

"मग खटीब रेषेवर."

अशा रीतीनं परराष्ट्रधोरणाचा लाभ दापोली तालुक्याला पोचला. मला एक शिट्टी आणि पिवळं निशाण मिळालं आहे. फजलनं निशाणाला इस्त्री केली.

हॅकेट मात्र बैठकीनंतर माझ्या खुर्चीपाशी घुटमळला. "कुठल्या बाजूची रेषा?"

डावी, म्हणालो.

"उजवी माग."

तटस्थ माणूस मागण्या करत नसतो, असं मी उत्तर दिलं. स्वतःवरच खूश होतो.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

सामना झाला. मी जिवंत आहे. ही दोन विधानं एका दमात लिहिता येतील, असं दुपारी वाटलं नव्हतं.

नमाज उरकून अर्धं नजमा बघायला लोटलं होतं. पूर्वार्धात इंग्रजांनी अमेरिकनांना त्यांच्याच वाळूत पुरलं. उत्तरार्धात हॅकेट उठला. इतके दिवस मी ज्याला कलता माणूस म्हणत होतो, तो चेंडू हातात आल्यावर उभाच वेगळा राहतो. चार आडदांड इंग्रज अंगावर धावताहेत, आणि हा मात्र बसस्टॉपवर उभा असल्यासारखा. मग हात फिरतो. चेंडू जिथं कोणी नाही तिथं जातो, आणि चेंडू पोचेपर्यंत तिथं कोणीतरी असतो. फजल माझ्या मागून ओरडत होता, "यल्ला हॅकेटसाब! मार म्होरं!" मनुष्याला आयुष्यात एक गोष्ट इतकी नीट यावी.

शेवटचा डाव. अमेरिकन एका फेकीनं हरत होते किंवा जिंकत होते. हॅकेटनं चेंडू माझ्या कोपऱ्याकडे फेकला, लांब, उंच. तो उडाला इथवर मी साक्षीदार आहे. मग तो नेहमीसारखा नाहीसा झाला. माझ्या डाव्या खांद्याशी धप्प झालं, तोंडावर वाळू उडाली, पाहतो तर टेक्ससचा एक ताडमाड ड्रिलर चेंडू पोटाशी धरून पडलेला. निम्मा रेषेच्या अलीकडे, निम्मा पलीकडे.

सगळं मैदान माझ्याकडे बघू लागलं. पाय आधी कुठं टेकला? आत की बाहेर?

न पाहिलेल्या कागदावर सही करू नये, हरकत नोंदवावी, हे मी तीस वर्षांच्या कारकुनीत शिकलो. मी निशाण वर केलं. बाहेर.

मग जे झालं त्याला इंग्रजांनी न्याय म्हटलं आणि अमेरिकनांनी जे म्हटलं ते लिहिणार नाही. तो टेक्ससचा ड्रिलर वाळूकडे बोट दाखवून गर्जत होता, "टाच बघा! टाच आत उमटलीय!" पेलसाहेब धावत आले. त्यांच्या आधी हॅकेट पोचला. तो नेमका त्याच जागी येऊन उभा राहिला, बुटाला चिकटलेली वाळू झटकायला पाय दोन-चारदा घासला, आणि म्हणाला, "बाहेर होता. मी पाहिला. पंच बरोबर आहे."

ड्रिलर त्याच्याकडे बघतच राहिला. "ड्वेन, तुझा पास होता तो!"

"होता," हॅकेट म्हणाला. "बाहेर गेला."

पेलसाहेबांनी माझा हात हातात घेऊन तटस्थ राष्ट्रांचं कौतुक केलं. अमेरिकनांनी रात्रीच्या मेजवानीला हॅकेटला बोलावलं नाही, असं मजीद सांगतो.

'कोकण-तारू'ला काय लिहावं? डोक्याला फार मार बसल्यामुळे शेवटी गृहस्थाला आपला संघ कोणता हेही आठवेना, असं मला दिसतं. पण असं छापणं बरं नव्हे.

रविवार, २६ नोव्हेंबर

हॅकेट कचेरीबाहेर वाट पाहत होता. वार विचारला, गाव विचारलं. मग चेंडू न फेकता नुसता हातात फिरवत म्हणाला, "महिनाभर मी मोजतोय. उजवीकडचे सगळे झेलतोस. डावीकडचा एकही नाही."

वारा असतो, म्हणालो.

"उजवा डोळा झाक."

झाकला.

इथं पाच मिनिटं पेन हातात धरून बसलो. लिहायचं ते असं: हॅकेट नव्हता. जिथं तो उभा होता तिथं धुरकट काच होती, आणि मधोमध त्याच्या शर्टाचा एक पांढरा तुकडा.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, टाइपरायटरच्या फितीपासून.

मग तो म्हणाला, त्यांच्या खेळात डोक्याला मार बसला की डॉक्टर मैदानाच्या कडेला तीनच प्रश्न विचारतो: वार, गाव, धावफलक. तेवढी उत्तरं आली की परत आत. "मी सकाळीच पाठ करून ठेवायचो. शनिवार असो, रविवार असो. दीड हंगामात एकदाही नापास झालो नाही."

"नापास झाला असतास तर?"

त्यानं चेंडू फिरवायचा थांबवला. "तर मला आठवलं असतं," म्हणाला.

याचा अर्थ मी विचारला नाही. त्याच्या बुटाला वाळू का चिकटली होती, तेही विचारलं नाही.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

तपासणी मंगळवारी. आज दाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेलो. दुखत होतीच, म्हणजे खोटं अर्धंच. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे, वर मोठी, खाली बारीक. लवंगेच्या तेलाची बाटली येईपर्यंत उजव्या डोळ्यानं सगळा वाचला. दुसऱ्यांदा वाचावा लागला नाही.

घरी येऊन आमच्या पाठशाळेच्या रीतीनं बांधून काढला: आधी सुटा, मग दोन-दोनच्या जोड्यांनी, मग उलटा, मग पुढे-मागे-पुढे. इंग्रजी मुळाक्षरांना असा मान या वाळवंटात कधी मिळाला नसेल. आमचे संस्कृतचे शास्त्रीबुवा असते तर स्वरावर छडी मारली असती.

फजल चपात्या लाटता लाटता ऐकत होता. "पंडितभाय, दुवा कसली म्हनताव ही?"

नोकरीची, म्हणालो.

"आमाला पन शिकवा."

त्याच्या लाटण्याचा ताल माझ्या पाठांतराला इतका जुळला की शेवटच्या दोन ओळी मी चालीवर म्हटल्या.

मंगळवार, ५ डिसेंबर

नाडी, छाती, कान. मग खुर्ची. उजवा डोळा झाकून वाचा.

मी वाचलं. फार चांगलं वाचलं. वरून खाली एकही अक्षर न अडता, आणि एकदा सुरू झालेलं पाठांतर मध्ये थांबवता येत नसल्यामुळे तळाशी असलेलं छापखान्याचं नाव आणि लंडनचा पत्ताही वाचला. तो पत्ता एवढ्या लांबून ससाण्यालाही दिसणार नाही.

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. मी धुक्याकडे पाहत राहिलो.

"या वयात!" म्हणाले. "असे डोळे मी इथं पाहिले नाहीत." दारात पेलसाहेबांची मोटार त्यांची वाट पाहत होती, क्लबात पत्त्यांचा डाव लागला होता. त्यांनी शिक्का मारला: उत्तम.

मजीदनं खजूर वाटले. खोलीत तिघांनीही एकमेकांना मिठ्या मारल्या. पेलसाहेबांनी कचेरीत जाहीर केलं की त्या दिवशीचा पंचाचा निर्णय आता वैद्यकीयदृष्ट्याही सिद्ध झाला.

शनिवार, ९ डिसेंबर

हॅकेट गेला. मनोरंजन अधिकाऱ्याची गरज उरली नाही, असं कंपनीला वाटलं. सामन्यापासून ड्रिलर त्याच्याशी बोलत नव्हते. विमानतळावर पोचवायला मी एकटाच.

"वार?" त्यानं विचारलं.

"शनिवार."

"गाव?"

"दोहा."

"पास झालास?"

"उत्तम, म्हणाले."

तो हसला नाही. "आता खऱ्या डॉक्टरकडे जा."

कुठल्या? इथं डॉक्टर एकच, आणि त्याच्या लेखी माझे डोळे आखातात पहिल्या नंबरचे आहेत. त्याच्याकडे गेलो तर मंगळवार कसा निभावला ते सांगावं लागेल. मी विषय बदलला, आता कुठे जाणार म्हणून विचारलं.

"घरी."

"घर कुठे?"

त्यानं खिशातून तिकीट काढून पाहिलं. मी उगाच विमानाकडे बघत राहिलो.

निघताना चेंडू माझ्या हातात दिला, फेकला नाही. "डावी सांभाळ, हॅरी."

या वेळी मी नाव दुरुस्त केलं नाही.

रविवार, १० डिसेंबर

'कोकण-तारू'चं पत्र पुरं केलं. चतुर्थांशपृष्ठाचा पराक्रम, इंग्रजांची फजिती, तटस्थ रेषापंच. फजल पोट धरून हसला, मजीदनं दोनदा वाचायला लावलं. सामन्याचा शेवट मी लिहिला आहे तसाच छापून येईल. हॅकेट मराठी वाचत नाही.

बायकोला, बिलकिसला, पत्र टाकलं की तपासणी पास झालो. ती लेकीला, मुनीराला, वाचायला लावेल, मग मोहल्ल्यात सांगत फिरेल.

मगरिबच्या नमाजानंतर दारात उभा होतो. गल्लीतला दिवा लागला. त्याला खळं होतं, ते डाव्या डोळ्याचं, हे आता मला ठाऊक आहे. म्हणून मी डावा डोळा झाकला, नुसतं बघावं म्हणून.

खळं तसंच होतं.

नोकरीची भीती नव्हती, असं नाही. पण ती संपली आणि खाली दुसरीच निघाली. घरी जायची रजा पुढच्या एप्रिलात आहे. बिलकिसचा चेहरा मला पाठ आहे. पण मुनीरा मी निघालो तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि ती आता कशी दिसते ते मला माहीत नाही.